एका ओळीचं अंतर

जबलपूरच्या चेरीताल वस्तीतल्या देवीदास रंगारी ड्रायव्हरला रस्त्यावरच्या माणसांची किळस यायला लागून वीसेक वर्षं झाली होती. नालीची घाण त्याला चालायची. नाली निदान आपल्या जागेवरून वाहते. पण पुढच्या गाडीच्या ढुंगणाला नाक लावून चालणारा कोणी दिसला, की तो खिडकीतून थुंकायचा.

"कुत्रेबी एवढे हुंगत नाईत," तो बायकोला, शेवंताला सांगायचा. "अन् हुंगून झालं की बाजूले तरी होतात."

त्याचं स्वतःचं माप घरचं होतं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली, की तो मनात 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणायला घ्यायचा, विहारात म्हणतात तसं सावकाश. ओळ पुरी व्हायच्या आत आपण खांबाशी पोचलो, तर पाय सैल करायचा. धुकं असलं, रस्ता ओला असला, तर तिन्ही सरणं. बावीस वर्षांत त्याच्या गाडीला पुढून एक ओरखडा नव्हता.

पण जबलपुरात मोकळी जागा सोडणं म्हणजे उघड्या घरात जेवणाचं ताट मांडून ठेवणं. ऑटो शिरायचा, दुधाचे कॅन लटकवलेली मोटरसायकल शिरायची, वर मान वळवून यालाच शिवी घालायची. देवीदास पुन्हा मागं सरकायचा, ओळ पुन्हा पहिल्यापासून. गाडीतली गिऱ्हाइकं कंटाळायची. ज्या ट्रॅव्हल्सची गाडी तो चालवायचा, तिच्या सेठनं परवाच सुनावलं होतं, "देवी भैया, एक शिकायत और आई न, तो घर बैठ जाना."

चोपन्नाव्या वर्षी घरी बसलेल्या ड्रायव्हरला कोण विचारतं? आणि अंजनीचं, त्याच्या पोरीचं, नर्सिंगचं दुसरंच वर्ष चालू होतं.

तशात महाराजपूरची वरात आली. चार गाड्या, सिवनीला लग्न. नवरदेव पहिल्या गाडीत, तिचा ड्रायव्हर नथ्थू. देवीदासची गाडी शेवटची. मागं सगळ्या बाया, आणि पुढं त्याच्या शेजारी नवरदेवाचे काका भय्यासाहेब. शहर सुटायच्या आधीच भय्यासाहेबांनी घरचा कायदा सांगितला: वरातीच्या मधात परकी गाडी येता कामा नये. आली, तर संसारात तिसरं माणूस शिरतं.

"आमच्या दिवाकरच्या लग्नात ट्रक शिरला होता," ते म्हणाले. "पाहा मंग, सासू येऊन बसली ते बसलीच."

मागं बाया फिदीफिदी हसल्या.

पुढच्या तिन्ही गाड्या मुंगळ्यांसारख्या एकमेकींना चिकटून निघाल्या. देवीदास आपल्या ओळीवर. वाटेवरचं बरगी गाव यायच्या आत एक ट्रक, दोन जीपा आणि एक बस मधात घुसून पुढं गेली.

"गाडी मांगं काहून ठेवून राहिले?" भय्यासाहेब तापले. "बैलगाडी हाकून राहिले का?"

"पुढच्यानं ब्रेक मारला तं थांबाले जागा लागते, साहेब."

"त्यानं काहून मारावं ब्रेक?"

असं विचारणाऱ्याशी बोलणं म्हणजे चिखलात लाथ मारणं, आपल्याच तोंडावर उडतो.

"तुमच्या सेठले सांगतोच थांबा," म्हणत भय्यासाहेबांनी फोन काढून नंबर शोधायला घेतला. देवीदासला पाय दाबून पुढच्या गाडीला चिकटायचा मोह झाला, खरंच झाला. अंजनीचा चेहरा समोर आला. मग वरातीच्या तिसऱ्या गाडीच्या मागच्या काचेत दाटीनं बसलेली पोरं दिसली, आणि पाय जिथं होता तिथंच राहिला.

बरगीच्या पुढं वळणावर रस्त्यात सांड बसला होता. देवीदासला सांड दिसलाच नाही; पुढचे लाल दिवे पेटलेले दिसले. त्यानं आधी आरशात पाहिलं, मागं कोळशाचा ट्रक. एकदम ब्रेक दाबला असता तर तो अंगावर आला असता. त्यानं पाय हलका टेकवला, सोडला, पुन्हा टेकवला. ट्रकवाल्याला समजलं, तोही सावकाश होत गेला. जागा होती म्हणून हे सगळं जमलं. पुढं मात्र धाड, धाड असे दोन आवाज झाले आणि तिन्ही गाड्या चेपलेल्या डब्यांसारख्या एकमेकींत घुसल्या.

मेलं कोणी नाही. नवरदेवाचं कपाळ फुटलं, मुंडावळ्या कानावर लोंबत होत्या. एका म्हाताऱ्याचे पुढचे दोन दात गेले. पोरं रडत होती. देवीदासच्या गाडीत लाडवाचा डबासुद्धा कलंडला नव्हता.

भय्यासाहेब उतरून धावले. तोवर नथ्थूनं तोंडातला खर्रा थुंकून आपली सुटका करून घेतली होती. "ह्याच्याचमुळं झालं जी! हा मांगं रायला, म्हनून मी आरशात ह्यालेच पाहून राहिलो होतो."

"पाहा!" भय्यासाहेब देवीदासकडे वळले. "म्हनलं होतं नं मी?"

"तुमचे दात हायेत नं तोंडात?" देवीदास म्हणाला. "ते काहून हायेत, थे इचारा सोताले."

त्यांनी विचारलं नाही. सिवनीहून दुसऱ्या गाड्या यायला वेळ होता आणि मुहूर्त थांबणारा नव्हता. म्हणून नवरदेव याच गाडीत कोंबला गेला, भय्यासाहेब पुन्हा शेजारी येऊन बसले, आणि त्याच सीटवरून त्यांनी सेठला फोन लावला. "आपका ड्राइवर एकदम नालायक है," ते म्हणाले. देवीदास ऐकत गाडी चालवत होता. शेजारच्या अत्तराचा वास नको म्हणून त्यानं काच खाली केली.

दुसऱ्या दिवशी सेठनं त्याच्या गाडीभोवती एक चक्कर मारली. वाकून बंपर पाहिला.

"कल सुबह सात बजे कटनी की बारात है. तुम जाओगे."

"और शिकायत?"

"अरे छोड़ो. तीनों गैरेज में पड़ी हैं, चलने लायक यही बची है. बस, जरा चिपका के चलाना, पार्टी बुरा मानती है."

घरी शेवंता दारातच उभी होती. "नोकरी वाचली नं?"

"हाव."

"मंग शेण खाल्ल्यावानी तोंड काहून केलं?"

"मी गाडी बरोबर चालवली म्हनून नाई ठेवलं त्यानं मले, शेवंता. बाकीच्याइनं फोडल्या म्हनून ठेवलं." तो अंगणातल्या दगडावर बसला. "पानी आन. आंघोय करतो पयले."