दुष्काळ नव्हता

"घर ओढ्याच्या अलीकडे, की पलीकडे?"

मुलुंडच्या त्या सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरींनी हे इतक्या गोड आवाजात विचारलं, की मला आधी वाटलं, चहात साखर हवी का विचारतायत. फ्लॅट भाड्याने घ्यायचा होता. मालक तयार होता, फक्त कमिटीची 'भेट' बाकी. त्या भेटीसाठी पन्नाशीतला मी नवरदेवासारखा कडक इस्त्री करून गेलो होतो. शेजारी आबा, माझे वडील. आमच्या चाळीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून त्यांना उतरवायला दोन माणसं लागतात. गेल्या दिवाळीपासून ते दवाखान्याशिवाय खाली आले नव्हते. या बिल्डिंगला लिफ्ट होती. मला तेवढंच हवं होतं.

सेक्रेटरींचं आजोळ नेमकं आमच्या शेजारच्या गावचं निघालं. माझं नशीब! आडनावावरून काही कळेना, म्हणून त्यांनी ओढा काढला. पलीकडे कोणाची वस्ती, ते त्यांना ठाऊक होतं. मलाही.

"अलीकडे," मी म्हणालो.

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मग गाव का सोडलंत?"

"दुष्काळ."

हे उत्तर मी चाळीस वर्षं देतोय. शाळेत, ऑफिसात, शेजारीपाजारी. इतक्यांदा, की माझ्या दुष्काळाला सरकारने एव्हाना टँकर पाठवायला हवा होता.

सेक्रेटरी खुलले. "तुम्ही निदान कारणाने आलात. ती पलीकडची मंडळी उगाच पळाली. मामा सांगतो, गावात मयत झाली तर निरोप न्यायला आता माणूस मिळत नाही. इथे येऊन सगळे साहेब झाले ना!"

कमिटी हसली. मीही हसलो. दात दाखवून. लिफ्टसाठी.

त्या वर्षी दुष्काळ नव्हता. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. मी सात वर्षांचा. पाटलांची चुलती वारली. मयतीचा सांगावा गावोगाव नेणं हे आमच्या घरावर लादलेलं काम. ऊन असो, अंगात ताप असो, चालत जायचं, वेशीबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं, पाणीही न मागता परतायचं. त्या दिवशी आई अडली होती. आबा म्हणाले, "आज जमायचं न्हाई. बायको बाळंत होतीया." एवढंच. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने आमचं दळण बाहेर ठेवलं. दुकानदाराने मीठ दिलं नाही. ओली बाळंतीण आई जात्यावर बसली. पाचव्या दिवशी आम्ही एसटीत बसलो. बहीण आईच्या पदराखाली.

एका 'नाही'साठी आबांनी गाव सोडलं. आणि मी त्यांच्या शेजारी बसून त्या 'नाही'ला दुष्काळ म्हणत होतो.

मी खुर्ची मागे सरकवली. शौर्य वगैरे काही नाही, घाबरलोच होतो.

"साहेब, खोटं बोललो," मी म्हणालो. "घर पलीकडे. आणि निरोप न्यायला नाही म्हणाले, ते हे. माझे वडील."

कोणी हसलं नाही. सेक्रेटरींनी फाइल मिटली. "अहो, आम्ही तसलं काही मानत नाही. कळवतो मालकांना."

बाहेर आल्यावर आबा थांबले. "लिफ्टपायी हसलास व्हय रं?"

"हो."

"मी मरंन तिसऱ्या मजल्यावर. पर पुन्यांदा असं हसू नगंस."

दुपारी एजंटचा फोन. "दादा, फ्लॅट दुसऱ्याला गेला. समजून घ्या ना यार."

समजून घेण्यात निम्मी हयात गेली माझी. नकार नेहमी असाच येतो. दुसऱ्याच्या तोंडून, फोनवर. कागद कुठेच नाही. आणि मी तर आवक-जावकच्या टेबलावर केस पिकवलेला कारकून!

संध्याकाळी अर्ज लिहिला. नकाराचं कारण लेखी कळवावे. त्यात गाव लिहिलं, वस्ती लिहिली, जात लिहिली, गाव का सोडलं तेही लिहिलं, आणि पुन्हा सोसायटीच्या ऑफिसात गेलो.

"ठेवून जा, बघतो," सेक्रेटरी म्हणाले.

"पोच द्या."

"शिक्का नाहीये आत्ता."

"मग सही करा. मी उभा आहे."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मी पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरला. घर मिळो न मिळो. यापुढे जो कोणी मला नाही म्हणेल, त्याने ते कारणासकट म्हणायचं, माझ्या तोंडावर, स्वतःच्या सहीने. तोवर मी हलत नाही.