मामाचं खारं पाणी

फोन मामीचा होता. "ये बाय," एवढंच म्हणाली. मी शाळेच्या ऑफिसात दाखले लिहीत होते. हातातला दाखला पुरा केला, शिक्का मारला, मग उठले... घाई करण्याचं बळच उरलं नव्हतं. चार महिने आम्ही दोघी त्याच फोनच्या धाकात होतो. मामा गेला, त्याला आता सव्वा महिना झाला.

माझा मामा तीस वर्षं भिवंडीतल्या एका डाइंगमध्ये रंगमास्तर होता. कापडाचा रंग नमुन्याशी जुळला की नाही, हे नुसतं बघून सांगायचा. त्याच्या वडलांचं पोट खाडीवर होतं. मामाच्या डोळ्यांदेखत खाडीला कारखान्यांचं पाणी लागलं आणि मासळी गेली. "त्या पान्यात माझापन वाटा हाय," असं तो एकदाच म्हणाला, पुन्हा कधी नाही. निवृत्त झाल्यावर टेमघरच्या दोन खोल्यांत त्यानं चार फुटी काचेची टाकी आणली, समुद्री माशांसाठी. फिल्टरच्या गोड्या पाण्यात पाकिटातलं मीठ मोजून विरघळवलं, दगड रचले, पंप सुरू केला, आणि दीड महिना एकही मासा सोडला नाही. शेजारी चेष्टा करायचे, तर हा म्हणायचा, "पानी पिकूं दे." दगडांवर बारीक जंतू धरावे लागतात, तेच माशांची घाण पचवतात, असं त्यानं मला समजावलं होतं. रोज काचनळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचा. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झालं तर अमोनिया, म्हणजे विष. मला दोन्ही सारखंच दिसायचं. मग एकदाचे तीन मासे आले, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. त्या दिवशी मामीनं सगळ्या मजल्याला पेढे वाटले.

यंदा मे महिन्यात धाप लागून त्याला हॉस्पिटलात ठेवलं. मामी त्याच्याजवळ राहिली, टाकी बघणं माझ्याकडे आलं. सकाळी डबा, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी हॉस्पिटल. त्यातच डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फुप्फुसात गाठ आहे, पुढे गेलीय, काही महिने काढतील. मामी म्हणाली, "त्याला सांगू नको." मी नाही सांगितलं. उन्हानं टाकीचं पाणी रोज उतरायचं. मामानं ड्रममध्ये खारं पाणी तयार करून ठेवलेलं, तेच मी ओतत राहिले. एक मासा मेला. चार दिवसांनी दुसरा. मामा रोज विचारायचा, "काटा किती?" खारेपणा मोजायचा काटा पंचविसावर असायला हवा, एवढं मला ठाऊक होतं. काट्याकडे न बघताच मी सांगायचे, "पंचवीस."

तीन आठवड्यांनी तो घरी आला. चपला न काढताच टाकीसमोर बसला. काटा बत्तिसावर होता.

"खारं भरलंस?"

"हो."

"उडून जातं ते गोडं पानी, बाय. मीठ तितंच ऱ्हातं. वरून गोडंच घालायचं."

ओरडला नाही. एकदम गोडं ओतलं तर उरलेलाही मरेल म्हणाला. मग दहा दिवस तो खुर्चीत बसून सांगायचा आणि मी थोडं खारं काढून थोडं गोडं घालायचे. माझी पाठ दुखायची, त्याला दम लागायचा. काटा सत्ताविसावर आला त्या दिवशी त्यानं विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुला त्रास नको म्हणून."

"आकडा वाईट असला तरी खरा पायजे. मग कायतरी करता येतं." मग माझ्याकडे वळला. "डॉक्टर काय बोलला ते सांग आता."

मी मामीकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला. मी सांगितलं. गाठ, काही महिने, सगळं. त्यानं काट्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "पावसानंतर माझ्यानं न्हाय व्हायचं. पानी नीट हाय तवर टाकी देऊन टाकू."

मानकोलीच्या एका मासेवाल्याला बोलावलं. तो बापडा पिंपं घेऊन आला, अर्धंअधिक पाणीही बरोबर नेलं. मामानं शेवटचा काटा स्वतः वाचला, नळी उजेडात धरली, कागदावर लिहून त्याच्या हातात दिलं. "न चुकता रोज बघ," म्हणाला. टाकी जिना उतरेपर्यंत दारात उभा राहिला. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला... ते चार महिने त्यानं आम्हाला रोज विचारलं, आज रिपोर्ट काय, आणि आम्ही रोज खरं सांगितलं. ते सोपं नव्हतं. पण मामीनं त्याला लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीच्या घराबद्दल, स्वतःच्या भीतीबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं. चाळीस वर्षांत ती इतकं बोलली नसेल.

परवा दुपारी मी तिच्याकडे बसले होते. लाइट गेली. पंखा थांबला तशी मामी उठली, स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन कोपऱ्यापर्यंत गेली. लाइट गेली की पंप बंद, मग माशांना हवा मिळावी म्हणून तासन् तास टाकीतलंच पाणी उंचावरून ओतत राहायचं, हे काम कायम तिचं असायचं. कोपऱ्यात आता औषधांचं रिकामं टेबल आहे. तांब्या हातात धरून ती तिथं उभी राहिली.

"कवा येल लाइट?" तिनं विचारलं.

येईल आत्ता, असं तोंडावर आलं होतं. "माहीत नाही, मामी," मी म्हटलं. ती टेबलाशेजारी खाली बसली, आणि मीही जाऊन तिच्याजवळ बसले.