टिपणीसांच्या जीपचं डावं चाक

भालचंद्र टिपणीसांचा विश्वास कुणावर होता, असं विचारलं असतं तर दिल्लीतल्या अख्ख्या लक्ष्मीबाई नगरात एकालाही उत्तर देता आलं नसतं. बायकोवर म्हणावं, तर लतिकाबाईंनी गॅस बंद केल्याचं सांगितल्यावर हे गृहस्थ ‘बरं’ म्हणत आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन कळ पिळून येत. पिळता पिळता एक कळ त्यांनी मोडलीसुद्धा. कुलूप लावलं की ओढून बघायचं, जिना उतरायचा, परत चढून परत ओढायचं. भाजीवाल्याचा काटा खोटा, शेजाऱ्याचं हसणं खोटं, रेडिओवर सांगितलेली वेळसुद्धा जरा संशयास्पदच. सगळी नोकरी सरकारी ऑडिटमध्ये गेली. दुसऱ्यानं केलेली बेरीज चुकलेली असणार, असं धरून बसण्याचाच त्यांना पगार मिळे. पण ऑफिस सुटल्यावर तरी माणसानं ते डोकं खुंटीला टांगावं की नाही? छे! यांनी ते घरी आणलं आणि शेजारी पाट मांडून जेवायला बसवलं.

तेव्हा दिल्ली नुसती उकळत होती. देशाची दारं उघडली म्हणत होते सगळे. रस्त्यावर रोज नवी गाडी, गुडगावात काचेच्या इमारती, आणि गाझियाबादेकडे काल गव्हाचं शेत होतं तिथं आज फ्लॅटांचे खांब. टिपणीसांनीही तिकडे एक फ्लॅट नोंदवला होता. रिटायर झालं की सरकारी क्वार्टर सोडावं लागणार, मग जायचं कुठं? फ्लॅट नोंदवला खरा, पण बिल्डर सिमेंटमध्ये नुसती वाळू कालवतोय या धास्तीनं हे दर सुट्टीला बांधकामावर हजर. तिकडे धड रस्ता नव्हता. चिखल, खड्डे, विटांचे ढीग. म्हणून लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप त्यांनी घेतली. ऑफिसातले लोक हसले. “अहो टिपणीस, सगळं जग नव्या गाड्या घेतंय आणि तुम्ही हा डबा?” टिपणीस म्हणाले, “नव्या गाडीचं सगळं झाकलेलं असतं. आत काय दडवलंय कुणास ठाऊक! जीपचं कसं, सगळं डोळ्यांसमोर.”

तर या जीपचं पुढचं डावं चाक त्या हिवाळ्यात घुमायला लागलं. वेग घेतला की घूंऽ असा आवाज, आणि जॅकवर चढवून हलवलं की डुगडुगायचं. बेअरिंग गेलं होतं. आणि संक्रांत आली तोंडावर! दर संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी पानिपतला जातात, काला अंबला, तिथल्या लढाईत पडलेल्या मराठ्यांच्या स्मारकाला, फुलं वाहतात. टिपणीसांनी ते कधी चुकवलं नव्हतं, आणि या वर्षी जीप चालवणार होती त्यांची एकुलती एक मुलगी सुखदा. त्यासाठी तिनं महिनाभर बापाची मनधरणी केली होती.

“बाबा, मेकॅनिककडे टाका ना गाडी,” सुखदा म्हणाली.

“म्हणजे नवं बेअरिंग तो खिशात घालणार आणि जुनंच पुसून बसवणार. मला शिकवू नकोस.”

“मग विक्रांत करून देईल. त्याला येतं.”

झालं! ज्या नावानं टिपणीसांच्या कपाळाची शीर उडायची, तेच नाव. विक्रांत मोहरीर हा पुण्याचा इंजिनिअर, गुडगावच्या एका नव्या कंपनीत लागलेला. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला सुखदाची आणि त्याची ओळख झाली, आणि दिवाळीनंतर तो सरळ घरी येऊन म्हणाला, “काका, सुखदाला आणि मला लग्न करायचंय. तुमची परवानगी हवी.” आडपडदा नाही, मध्यस्थ नाही. टिपणीसांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. इतकं सरळ कोण बोलतं? फ्लॅटवर डोळा असेल. पुण्यात आधीच एखादी असेल. त्यांनी पुण्याच्या मावसभावाला, गुणवंतला, चौकशीला लावलं. गुणवंतनं पेठा पालथ्या घातल्या आणि फोनवर सांगितलं, “मुलगा लाखात एक आहे रे, डोळे मिटून हो म्हण.” टिपणीसांनी फोन ठेवला आणि जास्तच काळजीत पडले. ज्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकायला मिळत नाही, त्यानं केवढं लपवलं असेल! विक्रांतला त्यांनी सांगितलं, “संक्रांत होऊन जाऊ दे, मग काय ते उत्तर देतो.” त्या उत्तराकडे डोळे लावून सुखदा घरात वावरत होती. तिचं वजन उतरलं होतं, आणि लतिकाबाई ते बघत होत्या.

भोगीच्या दिवशी सकाळी विक्रांत आला, बाह्या सरसावल्या आणि क्वार्टरच्या मागच्या अंगणात कामाला लागला. टिपणीस स्टूल टाकून समोर बसले. डोळ्यांत तेल घालून. चाक उतरलं, त्यामागचा हब निघाला, जुनं बेअरिंग निघालं. त्याचे रोलर खरवडून निळे-काळे झाले होते. नवं बेअरिंग विक्रांतनं त्यांच्याच हातात दिलं, “बघून घ्या, काका.” त्यांनी चष्मा लावून बघितलं, उजेडात फिरवून बघितलं. खोट काही सापडेना, त्यानं उलट वैताग आला. मग सुखदानं तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची कड त्यात दाबून दाबून, मोदकात सारण भरावं तसं ग्रीस रोलरांच्या फटीफटीत भरलं. पलीकडून ग्रीस डोकावेपर्यंत भरायचं, असं विक्रांतनं तिला सांगितलं होतं.

इथवर ठीक होतं. हब चढवल्यावर विक्रांतनं पाना घेतला, एका हातानं चाक फिरवत दुसऱ्या हातानं नट आवळत नेला. चाक जड फिरायला लागलं, तसा तो थांबला, आणि त्यानं नट चक्क मागे फिरवला. सैल केला!

“हे काय?” टिपणीस स्टुलावरून उठलेच.

“थोडी जागा ठेवावी लागते, काका. चालून तापलं की फुगतं ते. घट्ट ठेवलं तर जळून जाईल.”

“घट्ट करायचा आणि मग सैल सोडायचा? हे कुठलं शास्त्र?”

“बाबा, असंच असतं, बिल्कुल असंच असतं,” सुखदा म्हणाली.

विक्रांतनं नटावर पातळ पत्र्याची चकती ठेवली, नट जागचा हलू नये म्हणून तिचा कान नटावर दुमडला, वर दुसरा नट बसवला आणि झाकण लावून टाकलं. लतिकाबाईंनी सगळ्यांना बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी वाढली. विक्रांत मागून मागून जेवला. लतिकाबाईंना भरून आलं. टिपणीस त्याच्या ताटाकडे बघत विचार करत होते, की हा सैल नट रस्त्यात निसटला तर?

दुपारी सुखदा आणि विक्रांत बाजारात फुलं आणायला गेली आणि लतिकाबाई आडव्या झाल्या. टिपणीस अंगणात आले. माझी मुलगी बसणार त्या गाडीत, आणि हा म्हणतो थोडी जागा ठेवावी लागते! त्यांनी जॅक लावला, झाकण उघडलं, वरचा नट काढला, कान सरळ करून चकती बाजूला केली, पाना आतल्या नटावर चढवला आणि दात-ओठ खाऊन आवळला. वर आणखी एक जोर दिला. तेव्हा कुठं त्यांच्या जिवाला बरं वाटलं. चकती बसवून कान पुन्हा दुमडला, वरचा नट आणि झाकण लावलं, हात रॉकेलनं धुतले. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं विरल्यावर जीप निघाली. सुखदा चालवत होती, शेजारी टिपणीस. मागे लतिकाबाई, विक्रांत, आणि मंडळाच्या कार्यवाह चंद्रप्रभाबाई खारकर. या बाई म्हणजे दिल्लीतल्या मराठी घरांचं चालतंबोलतं वर्तमानपत्र. त्यांच्या मांडीवर फुलांची परडी होती आणि तोंडाला क्षणाची उसंत नव्हती. सोनीपत मागे पडलं आणि डाव्या बाजूनं करपल्याचा वास यायला लागला. आधी वाटलं, कुणी शेतात काही जाळत असेल. मग जीप डावीकडे ओढायला लागली. चाकातून धूर निघाला, आणि सुखदानं कशीबशी गाडी मोहरीच्या शेताकडेला उभी केली. 

विक्रांत उडी मारून खाली उतरला. हबवर पाणी ओतलं तर चर्र आवाज आला. ग्रीस पातळ होऊन ब्रेकच्या ड्रमवर ओघळलं होतं. चंद्रप्रभाबाई रस्त्याकडेला उभ्या राहिल्या आणि लागल्याच.

“कुणी बसवलं होतं हे चाक? विक्रांतनं ना? अगंबाई! पाच माणसं मेली असती आज! भालचंद्रराव, गाडीचं एक चाक सांभाळता येत नाही त्याच्या हाती मुलगी देणार का तुम्ही?”

टिपणीस शेताकडे बघत राहिले. काय नशीब बघा! जो मुलगा त्यांना नको होता, त्याचा निकाल परस्पर लागत होता. आता नाही म्हणायला कारण शोधायला नको होतं. चंद्रप्रभाबाईंच्या तोंडून संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळात पसरलं असतं.

लोखंड निवल्यावर विक्रांतनं झाकण, वरचा नट आणि चकती काढली. पाना आतल्या नटावर लावला. नट हलेना. सगळं अंग टाकून जोर दिला तेव्हा कुठं कुरकुरत सुटला. मग चकती त्यानं बोटात धरली. तिच्या कानावर दोन घड्या होत्या, एक त्यानं पाडलेली आणि एक तिच्या जरा बाजूला. तो त्या चकतीकडे बघत राहिला. सुखदाही खाली वाकून बघत होती. मग विक्रांतनं मान वर केली, टिपणीसांकडे एकदा पाहिलं, आणि चकती खिशात टाकली.

“चूक माझीच झाली असणार,” तो चंद्रप्रभाबाईंना म्हणाला. “जास्त आवळला गेला वाटतं माझ्याकडून.”

टिपणीस चरकले. कळलं होतं याला! सगळं कळलं होतं, आणि तरी हा आळ स्वतःच्या डोक्यावर घेत होता. का? यात याचा फायदा काय? मला मिंधं करून ठेवायचं असेल. जन्मभर माझ्यावर हे ओझं ठेवील. त्यांचं डोकं सवयीनं गरगर फिरत राहिलं, सगळीकडे शोधत राहिलं, आणि त्यांना काहीएक सापडेना. समोर नुसता एक मुलगा होता. ग्रीसनं बरबटलेला, मान खाली घालून शिव्या खाणारा.

सुखदा मात्र विक्रांतकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती.  ही नजर टिपणीसांच्या ओळखीची होती. समोरचा आता काय लपवणार आहे, हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाची नजर. ऑफिसात समोरच्याकडे ते स्वतः असंच बघत आले होते.

“त्यानं नाही,” टिपणीस म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, “त्यानं नाही केलं. त्यानं बरोबर बसवलं होतं. काल दुपारी मी उघडून आवळला.”

“अहो!” लतिकाबाईंनी कपाळाला हात लावला.

“तुम्ही?” चंद्रप्रभाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा पुढचा शब्द सुचला नाही.

“मीच. माझा विश्वास नव्हता याच्यावर. पोरीच्या जिवाला जपतोय असं वाटलं मला, आणि मीच तिला...”  ते विक्रांतकडे वळले. “तुझ्या आईवडिलांना कळव. म्हणावं, सवडीनं येऊन जा. बोलणी करायची आहेत.”

विक्रांत नुसताच “काका,” म्हणाला. सुखदा बापाजवळ आली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. तिनं त्यांचा दंड घट्ट धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

“थँक्यू, बाबा. खरं सांगू? तुम्ही बोलाल असं मला वाटलंच नव्हतं.”

पोरगी प्रेमानं बोलली होती. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण चंद्रप्रभाबाईंच्या साऱ्या सरबत्तीनं लागलं नसतं ते त्या एका वाक्यानं आत लागलं. त्यांना तिला म्हणायचं होतं, अगं, असं कसं वाटलं तुला, मी बाप आहे तुझा. पण ते म्हणता येईना, कारण आपण बोलू असं घटकाभरापूर्वी त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं.