दोन बोटे सरकलेली गाठ

डॉ. वामनराव टाकळीकर यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते एका वछेरीच्या छातीभोवती सुताची दोरी गुंडाळून, डोळे मिटून उभे होते. वछेरी म्हणजे नुकती वयात येणारी घोडी. मी मुंबईहून पशुवैद्यकाची परीक्षा पास होऊन, कडक इस्त्रीचा कोट घालून बेलापूरजवळच्या आमच्या गुरांच्या दवाखान्यात रुजू व्हायला आलो होतो. मनात म्हटले, या मंत्र टाकणाऱ्या माणसाच्या हाताखाली आपल्याला दिवस काढायचे आहेत! डोळे न उघडताच ते म्हणाले, "जोशी ना? या. हे टोक धरा." कोटाला घोडीचे केस लागले ते लागलेच. ते टोक मी आजतागायत सोडलेले नाही.

सारा तालुका त्यांना तात्या म्हणतो. त्यांच्या षष्ट्यब्दिपूर्तीच्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर आणि लोकसेवेवर थोरामोठ्यांनी लिहिले आहे. मी लिहिणार आहे ते एका दोरीबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल. त्या चुकीचा उल्लेख तात्यांनी आजवर चारचौघांत केलेला नाही, म्हणून तो मीच करतो.

ते लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसल्याने मोटारी उभ्या राहिल्या होत्या आणि टांग्यांना कधी नव्हे ते बरे दिवस आले होते. ज्याला त्याला शिंगरू हवे होते. होळीच्या सुमाराला दवाखान्यात सरकारी पैदाशीचा घोडा येई. सुभेदार त्याचे नाव. त्याचा खुराक आम्हां दोघांपेक्षा चांगला होता. मग फाटकापुढे वछेऱ्या घेऊन मालकांची रीघ लागे आणि त्यातल्या निम्म्यांना तात्या परत पाठवीत.

वछेरी दोन वर्षांच्या आसपास माजावर येऊ लागते. मालकाला वाटते, झाली तयार. तात्या म्हणत, "जोशी, ती तिची इच्छा झाली. तयारी नव्हे." त्यांची रीत अशी : वछेरी दसऱ्याला आणायची, संक्रांतीला आणायची आणि होळीला आणायची. दर वेळी पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती दोरी घ्यायची आणि माप येईल तिथे गाठ मारायची. प्रत्येक वछेरीची दोरी वेगळी, तिच्या नावाची चिठ्ठी लावून खुंटीला टांगलेली. नवे माप जुन्याच गाठीवर आले, की अंगाची वाढ पुरी झाली. गाठ सरकली, तर ती अजून स्वतःच वाढते आहे. तिच्या पोटात दुसरे वाढवायला घालायचे नाही. दात, बरगड्यांवरचे मांस, माजाच्या पाळ्या हे सारे ते त्यानंतर पाहत.

एकदा राहात्याकडचे एक इनामदार चार माणसे आणि झूल घातलेली वछेरी घेऊन आले. गाठ सरकली होती. इनामदार तापले. "आमच्या पागेत तुमच्या आजोबांच्या आधीपासून घोडी आहेत!" तात्या शांतपणे म्हणाले, "मग दोरी आपणच लावा. मी टोक धरतो." इनामदारांनी स्वतः दोरी लावली, गाठ पाहिली, घोटभर चहा घेतला आणि पुढच्या होळीला येतो म्हणून निघून गेले. तात्यांनी कुणाचा पाणउतारा केलेला मी पाहिलेला नाही. दोरीच्या पुढे मात्र त्यांनी कुणाला जाऊही दिले नाही.

जाऊ दिले ते मी.

भिकाजी हा बेलापूर स्टेशनावरचा टांगेवाला. त्याची म्हातारी घोडी दिवाळीत गेली. मागे राहिली तिची एकुलती वछेरी, गुंजी. गुंजेसारखीच तांबडी, कपाळावर मात्र पांढरा ठिपका. त्या वर्षी तात्या लेकीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस नाशिकला गेले होते आणि दवाखाना माझ्या हाती होता. अशात बातमी आली, की सुभेदारला पाडव्यानंतर दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचे आहे. भिकाजी धावतच आला.

"सायेब, घोडा गेला म्हंजे परत न्हाई यायचा. म्हातारी गेली, आता हिच्याबिगर माज्याकडं काय हाय? हिला एक शिंगरू झालं, तर आमचा वंस ऱ्हाईल बगा."

मी गुंजीचे तोंड उघडले. पुढचे दोन पक्के दात आले होते. अंग तुकतुकीत. माझ्या पुस्तकाप्रमाणे चालण्यासारखे होते. खुंटीवरची दोरी काढून माप घेतले, तर संक्रांतीच्या गाठीपुढे दोन बोटे भरली. मी क्षणभर थबकलो. मग भिकाजीच्या तोंडाकडे पाहिले आणि स्वतःशीच म्हटले, दोन बोटे काय, सकाळी पोटभर चारा खाल्ला असेल! आणि परवानगी दिली. खरे सांगायचे तर त्या दिवशी तात्यांशिवाय निर्णय देणारा डॉक्टर म्हणून मिरवायचीही मला हौस होती.

तात्या आले. खुंटीवरची दोरी त्यांनी बोटांतून फिरवली.

"दोन बोटं?"

"चाऱ्याची असतील, तात्या."

"चारा छातीत जात नाही, जोशी. पोटात जातो."

पुढच्या पाळीला गुंजी माजावर आली नाही आणि ती गाभण असल्याचे स्पष्ट झाले. कोवळी घोडी, मोठ्या हाडाचा घोडा. विताना मायलेक दोघेही जाण्याची भीती होती आणि त्या दोघांपलीकडे भिकाजीकडे काही नव्हते. मी राजीनाम्याची भाषा केली. तात्या म्हणाले, "तुम्ही गेलात, तर दहा महिने गुंजीकडे दर आठवड्याला कोण जाणार? मला एकट्याला जमायचं नाही."

मग ते मला घेऊन भिकाजीच्या दारी गेले आणि म्हणाले, "भिकाजी, तुझी वछेरी कच्ची होती. माझ्या दवाखान्यात चूक झाली, म्हणजे ती माझी. आता ती विईपर्यंत तिच्या अंगावर साज चढवायचा नाही."

"मंग टांगा कशानं वढू, तात्या?"

तात्यांनी मागे बांधलेल्या स्वतःच्या घोडीचा लगाम सोडला आणि त्याच्या हातात दिला. हिच्यावर बसूनच ते गावोगाव फिरतीला जात. इतकी वर्षे जपलेली ती घोडी दहा महिने स्टेशनावरची पाहुणेमंडळी ओढीत राहिली. आणि तात्या? तात्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकले!

तो सोहळा ज्यांनी पाहिला, ते अजून हसतात. धोतराचा काचा मारलेला, डोक्याला रुमाल, तात्या सीटवर आणि मागे सीट धरून मी धावतो आहे. "सोडू नका, जोशी!" ही त्यांची आरोळी पार वेशीपर्यंत ऐकू जाई. ते तीनदा पडले. एकदा तर गवताच्या गंजीत घुसले आणि आतूनच म्हणाले, "इथं बरं आहे." घोडा ज्याच्या मांडीखाली आयुष्यभर मुकाट चालला, त्याला दोन चाके जुमानीत नव्हती. मला हसू येई आणि मी सीट आणखी घट्ट धरी. कारण ते कुणामुळे पडत होते, हे आम्हां दोघांनाच ठाऊक होते, असे मला वाटत होते.

माघात एका सकाळी उजाडताच भिकाजीचा निरोप आला. आम्ही पोचलो, तेव्हा गुंजी आडवी पडून कण्हत होती. शिंगराचा एक पुढचा पाय आत मुडपला होता. तात्यांनी बाह्या सारल्या, आपला जाडजूड पंजा पाहिला आणि मला म्हणाले, "तुमचा हात बारीक आहे. तुम्ही घाला." मी म्हटले, "तात्या, माझ्याकडून पुन्हा..." ते म्हणाले, "मी इथंच आहे. कळ आली की थांबा, ओसरली की पुढं सरका." किती वेळ गेला, सांगता येत नाही. भिकाजी घोडीचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. कानाशी तात्यांचा आवाज : थांबा. आता. थांबा. शेवटी खूर माझ्या मुठीत आले आणि पाठोपाठ शिंगरू. काटकुळे, ओले, पण जिवंत. मादी. थोड्या वेळाने गुंजी थरथरत उठली आणि तिला चाटू लागली. मी भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलो.

भिकाजी तात्यांच्या पायांशी वाकला आणि म्हणाला, "तात्या, येक सांगू का? चूक तुमची न्हवती. मी तितंच हुतो की. दोरी जोशी सायबांनी धरली हुती, आन् घाई माजी हुती. पर तुमी सायकलीवर पडाय लागला, मंग बोलायला तोंडच उरलं न्हाई."

तात्या हात धूत म्हणाले, "हात धुवायला आणखी पाणी आण आधी."

सारे गोड झाले, असे मात्र नाही. गुंजी त्यानंतर वाढली नाही. कोवळ्या वयात पोटात वाढवावे लागले, ते तिच्या अंगातून गेले. ती किती भरली असती, हे आता कुणालाच कळणार नाही. तिची दोरी मी माझ्या टेबलासमोर टांगली आहे आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आधी तीच दाखवतो. तिच्या शिंगरासाठी पुढे मीच भिकाजीला घोडा सुचवला, तेव्हा त्याने मलाच सुनावले, "आवं, अजून गाठ कुठं जागेवर हाय?" त्या दिवशी तात्या किती वेळ हसत होते! आज ती शिंगरी भिकाजीचा टांगा ओढते, आईपेक्षा चार बोटे उंच आहे आणि तिच्या पायांशी तिचे स्वतःचे शिंगरू हुंदडते.

तात्यांना निवृत्त होऊन पाच वर्षे झाली. सत्कार समितीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे पडले, की तात्यांचे कार्य आता पूर्णत्वास गेले, त्यांनी विश्रांती घ्यावी. मला ते मान्य नाही. गेल्याच आठवड्यात तात्या सायकलवरून दवाखान्यात आले, माझ्याकडचे नवे पुस्तक मागून नेले आणि चौथ्या दिवशी परत आणून म्हणाले, "जोशी, ही नवी सुई कशी टोचायची, ते मला एकदा दाखवा. टोक मी धरतो."

साठाव्या वर्षी ज्यांना अजून शिकायचे आहे, त्यांना आम्ही पूर्णत्वाचा दाखला कसा द्यावा? त्यांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे शाबूत राहोत, सायकलीची चाके सरळ चालोत आणि गवताची गंजी वाटेत न येवो, अशी आम्हां सर्वांची प्रार्थना आहे. विश्रांतीचे पुढच्या होळीला पाहू. तात्या, तुमच्याच दोरीने माप घेऊन सांगतो : गाठ दोन बोटे सरकली आहे, आणि ती बोटे चाऱ्याची नाहीत.