नलिनीबाईंची प्रश्नावली

नलिनी प्रधान म्हणजे एकदा मनात घेतलं की घेतलंच, अशा जातीची बाई. छप्पन साली ती जोगेश्वरीच्या एका प्राथमिक शाळेत रुजू झाली. महिन्याभरातच दुसरीतली सुलक्षणा तिचा पदर धरून म्हणाली, "बाई, मला तुमच्या वर्गात घ्या ना. सहदेव मास्तर लई मारतात."

सहदेव मास्तर छडीशिवाय पाढेसुद्धा शिकवत नसत. नलिनीने हेडमास्तर विद्याधरपंतांचं डोकं खाल्लं. शेवटी कंटाळून पंत म्हणाले, "दहा पालकांनी लेखी द्यावं, की मुलं शाळेला घाबरतात. त्याच दिवशी ती छडी माझ्या कपाटात!"

झालं! नलिनीने प्रश्नावली तयार केली. मूल शाळेत आनंदाने येतं का? त्याला मार बसतो का? मास्तरांशी बोलायला तुम्हाला संकोच वाटतो का? कार्बन घालून तिने बोटं निळी होईस्तोवर प्रती काढल्या, शिक्षकांना दिल्या आणि मुलांबरोबर घरोघरी धाडल्या. शिक्षकांनी चहा पिता पिता 'वातावरण उत्तम' लिहून कागद तिच्या हातात कोंबले. एकाने तर प्रश्नही वाचले नाहीत. त्यांच्याकडून तिला फारशी आशा नव्हतीच. तिची सगळी भिस्त पालकांवर होती.

आठ दिवसांत एक्केचाळीस कागद परत आले. नलिनीने ते उलगडले आणि कपाळाला हात लावला. सगळ्यांवर एकच वळणदार अक्षर आणि खाली अंगठे. 'मूल आनंदाने येते. मास्तर प्रेमळ आहेत.'

अक्षर सहदेव मास्तरांचं होतं. आसपासच्या चाळींत सगळी कोकणातून आलेली कामगार माणसं. त्यांची गावाकडची पत्रं, अर्ज, सगळं मास्तरच लिहून देत, तेही फुकट. शाळेचा कागद आला, तोही मुकाट्याने त्यांच्याच ओट्यावर गेला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आणि एवढं ट्रेनिंग घेतलेल्या नलिनीला हे आधी सुचू नये? मास्तरांपेक्षा तिला स्वतःचाच संताप आला.

पण हार मानेल तर ती नलिनी कसली! सुलक्षणाचा कागद घेऊन ती तडक तिच्या बापाच्या, काशीरामच्या खोलीवर गेली. सुलक्षणा दाराआड उभी होती.

"काशीराम, मुलगी शाळेला घाबरते, हे तुम्ही मास्तरांना सांगितलं नाहीत?"

"सांगलंय तर! घंटा म्हटली की थरथरता, भाकरी गळ्याखाली उतरना नाय, सगळा सांगलंय. लिवला नाय काय त्यांनी?"

नलिनीला हायसं वाटलं. एक तरी साक्षीदार सापडला! तिने कागदावरचा शब्द न् शब्द वाचून दाखवला. आता हा माणूस पेटून उठेल आणि पंतांसमोर येऊन बोलेल, अशी तिची खात्री होती.

काशीरामने कागदावरचा आपला अंगठा निरखला. मग म्हणाला, "बाई, गावाक माझ्या म्हाताऱ्या आवशीक इतकी वर्षां मास्तर पत्रां लिवतत. कधी एक अक्षर खोटा लिवला नाय. त्यांनी असा लिवल्यानी म्हणजे तसाच असतला. ह्या चेडूच खोटा बोलता!"

तो उठला. नलिनी "अहो, अहो" म्हणेपर्यंत पोरीच्या गालावर पाच बोटं उठली. सुलक्षणा रडली नाही. बापाकडे तिने पाहिलंही नाही. ती एकटक नलिनीकडे पाहत होती.