तारप्याचं शेत

उधव्याला जाणाऱ्या रिक्षात माझ्या शेजारी बसणारे निवृत्त गुरुजी बोलता बोलता गुडघ्यावर ठेका धरत. ज्या शेताच्या खळ्यावर तारप्यावर वाजणारी जुनी गाणी जन्मली, ते शेत त्यांनीच खटपट करून बिल्डरच्या हातून वाचवलं. मला त्यांचं कौतुक वाटायचं. मग त्यांनी तिथंच राहणाऱ्या तारपावाल्याची पत्र्याची झोपडी पाडायला लावली.

"पत्र्यामुळे जुनेपणा जातो हो," ते मला म्हणाले.

तारपावाला उंबरगावला कंपनीत लागला. आता खळ्यावर स्पीकर लावून पाहुण्यांना त्याचंच रेकॉर्डिंग ऐकवतात.

परवा मी गुरुजींना विचारलं, "तो येतो का कधी इकडे?"

"आला होता ना, पोरांना शेत दाखवायला," ते समाधानाने म्हणाले. "मी त्याला तिकीट नाही लावलं."