म्हाताऱ्याच्या दाराला दोन टक्स

टाचणीला तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय होती. गेली तीस वर्षं ती लोकांचे कपडे आत घेत होती, बाहेर सोडत होती, उसवत होती, जोडत होती. तोंड रिकामं असलं की गप्प, आणि ओठांत सात-आठ टाचण्या आल्या की बोलत सुटायची. नाव त्यावरूनच पडलेलं. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई दातओठ खातायत. तसं काही नसायचं. बाई आदल्या रविवारच्या लढाईचं सांगत असायच्या.

हो, लढाईचंच. वय पंचावन्न, चष्मा जाड, गुडघे कुरकुरणारे, गळ्यात टेप. आणि दर रविवारी दुपारी चारच्या ठोक्याला टाचणी शिलाई मशिनशेजारच्या टेबलाशी बसून, कानाला हेडफोन लावून, गुहेतल्या राक्षसांशी दोन हात करायची. एकटी नाही हं. सासरची माणसं बरोबर. मंडळी चार गावांना पांगली तेव्हा धाकट्या नणंदेने टूम काढली की भेटणं होत नाही तर निदान खेळू या. नणंद शाळेत पी.टी.ची बाई, म्हणजे कॅप्टन कोण हे विचारायलाच नको. खेळतानासुद्धा गळ्यात शिट्टी. तिचा नवरा ढाल घेऊन पुढे, घरी असतो तसाच. धाकटा दीर बाण मारायला. कुठे लागतात ते विचारू नका. आणि टाचणी डॉक्टरीण. कोणी पडलं की धावायचं, पट्टी बांधायची, उभं करायचं. या खेळात जागा चारच, पाचव्याला आत घेत नाहीत.

नवरा खेळत नसे. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, आणि दिवसभर लोकांची नजर सुधारणाऱ्या या माणसाला पडद्यावर गुहा गरागरा फिरली की भोवळ यायची. तो पाठ करून बसायचा आणि चहा पुरवायचा.

आता यात एवढं काय, असं वाटेल. पण टाचणी लग्न होऊन आली तेव्हा त्या घरात सगळे एकदम आणि मोठ्याने बोलायचे. माणसं सोन्यासारखी, पण हिच्या बोलण्याला फट सापडायची नाही. सव्वीस वर्षं ती ताटं वाढता वाढता हसत राहिली. आणि आता सहा वर्षं, दर रविवारी, तीच धडधाकट माणसं जिवाच्या आकांताने ओरडत होती, "वहिनी, मेलो, धाव." ते ऐकलं की तिच्या पोटात साखर पडायची. हे तिने नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

तर घोडं कुठे पेंड खायला लागलं? म्हाताऱ्यापाशी.

म्हातारा म्हणजे तिचा कॉम्प्युटर. दहा वर्षांपूर्वी दुकानात गेमिंगच्या रांगेतला सगळ्यात स्वस्त होता तो उचलला होता. कोपऱ्यातला, धूळ खाणारा, कोणी न विचारलेला. चालू केला की आधी खोकायचा, मग घरघरायचा, मग विचारात पडायचा. तेवढ्यात टाचणीची एका पँटची चेन बसवून व्हायची.

त्या रविवारी नणंद राक्षसाच्या पायाखाली आली. "वहिनी, पट्टी." टाचणी धावली, वाकली, पट्टी काढली, आणि म्हातारा थिजला. पडद्यावर डॉक्टरीणबाई हातात पट्टी घेऊन पुतळ्यासारख्या उभ्या. इकडे नणंदेचं रक्त चाललंय, शिट्टी वाजतेय, मेहुणे ढाल टाकून पळतायत, दिराने घाबरून मारलेला बाण मेहुण्यांनाच लागला. म्हातारा शुद्धीवर आला तेव्हा चौघेही मेलेले होते.

सोमवारी नणंदेचा फोन आला. आवाज शाळेतला. पुढच्या रविवारी खेळाचा नवीन भाग येतोय, तो आणखी जड आहे, वहिनीच्या मशिनला झेपायचा नाही, हे तिने फार गोड करून सांगितलं. मग मुद्द्यावर आली. जाऊबाई सहा महिने शिकतायत, त्यांनी नवा कोरा काचेचा कॉम्प्युटर घेतलाय, आत रंगीत दिवे लागतात. रविवारी त्याही तयार बसतील. वहिनीचं मशीन एकदा जरी अडलं, तर डॉक्टरीण जाऊबाई.

"तू बघायला ये ना," नणंद म्हणाली. "बघायलाही मजा येते."

टाचणीने फोन ठेवला आणि तोंडातल्या टाचण्या एकेक करून मनगटावरच्या गादीत खोचल्या. जरा जोरातच.

जाऊ म्हणजे त्या बाणवाल्या दिराची बायको. वाईट नव्हती. पण चार वर्षांत एकदाही घरी आली नव्हती. "येऊ, येऊ," म्हणायची. का येत नाही, हे टाचणीला कोडंच होतं.

बुधवारी टाचणी कॉम्प्युटरच्या जुन्या पार्टवाल्याकडे गेली. जिन्याखालचं दुकान, आत एक माणूस आणि चारशे वायरी, त्यातला माणूस कुठला ते शोधावं लागे. तो म्हणाला, मावशी, ग्राफिक्स कार्ड बदला, म्हातारा उड्या मारेल. जुन्या पॉवर सप्लायला ते पेलायचं नाही, तोही घ्या. मग त्याने विचारलं, तुमच्या डब्यात बसेल का हे, लांब आहे. टाचणीने गळ्यातला टेप काढला. म्हाताऱ्याचं माप ती घरून घेऊनच आली होती, पाव इंचासकट. कार्ड मोजलं. अर्धा इंच शिल्लक. पार्टवाल्याने हात जोडले. त्याच्याकडे लोक म्हणे दोन हात पसरून "एवढा आहे" सांगायचे. टाचणी मान ताठ करून घरी आली. तीस वर्षांत तिचं माप चुकलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी टाचणीच्या शिवणाच्या दुकानाचं दार लोटून दोघांनी म्हाताऱ्याला टेबलावर आडवं केलं. नवऱ्याने मदतीला आपला स्क्रू ड्रायव्हर आणला. तो चष्म्याच्या काडीचा, भाताच्या शितासारखा. म्हाताऱ्याचे स्क्रू बोटाएवढे. शेवटी टाचणीने मशिनच्या खणातला काढला.

म्हाताऱ्याचं पत्र्याचं दार निघालं आणि दोघं बघतच राहिली. आत गोधडी होती. दहा वर्षांचे धागे, तंतू, कापसाचे कण पंख्यांनी ओढून ओढून थरावर थर बसवलेले. टाचणी एकेक थर चिमटीने उचलायला लागली आणि तिला सगळं आठवायला लागलं. निळा थर म्हणजे शाळेच्या युनिफॉर्मचा, ज्या वर्षी शाळेने रंग बदलला तो. खाली तांबडा: बँडवाल्यांचे कोट. त्याखाली पांढरं, भुसभुशीत: एका नर्सबाईचे बावीस एप्रन. नवरा म्हणाला, याला उशीत भरू या.

म्हातारा स्वच्छ झाला, पॉवर सप्लाय बसला, कार्ड टकदिशी खाचेत गेलं, लांबीला अर्धा इंच शिल्लक. वायर जोडली. बटण दाबलं. म्हातारा खोकला नाही, घरघरला नाही. उभाच राहिला एकदम, पाहुणे आल्यावर सासरे उठायचे तसा. टाचणीने गुहा उघडली. काय सांगावं! इतकी वर्षं तिला जो चिखल वाटत होता तो चिखल नव्हताच, झरा होता. राक्षसाला भुवया होत्या. सहा वर्षं मारामारी करून तिला आज कळलं की त्याला भुवया आहेत. ती खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या पिटायला लागली, आणि भोवळीचा विसर पडून नवराही वळून बघायला लागला, मग भिंतीला धरून बाहेर गेला.

शनिवारी सकाळी दार बसवायला घेतलं आणि दार लागेना.

कार्डाच्या कडेला वायर जोडलेली. ती बाहेर निघून वळणार, आणि त्या वळणाला जागाच नाही. टाचणीने लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती. वायर वाकणार हे मोजलं नव्हतं. म्हणजे हाताचं माप घेतलं आणि त्याला कोपर असतं हेच विसरली. चांगला सव्वा इंच फुगवटा. ही चूक नवशिक्या पोरी पहिल्या महिन्यात करून मोकळ्या होतात, हिने ती तीस वर्षांनी केली.

उघडंच राहू दे, नवरा म्हणाला. पण ते कसं चालावं? या खोलीत पंखा लागला की धागे उडतात, आणि टाचण्या तर पाऊस पडावा तशा पडतात. एक टाचणी त्या उघड्या पोटात पडली की म्हाताऱ्याने राम म्हटलाच. नवऱ्याने दारावर बूड टेकवून बघितलं. दार लागलं नाहीच, वायर मात्र करकरली, तसं टाचणीने त्याला ढकलूनच बाजूला केलं.

तेवढ्यात समोरचा चावीवाला दारात डोकावला. नवरा हसत हसत म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्याचं पोट सुटलंय. सव्वा इंच." चावीवाला खो खो हसला. जाता जाता शेजारच्या न्हाव्यालाही सांगून गेला. तोही हसल्याचं ऐकू आलं.

टाचणीला राग आला. "अहो, माप काय असं रस्त्यावर सांगतात? त्याचं अंग, त्याला..."

आणि ती मध्येच थांबली.

चार वर्षांपूर्वी जावेला ऑफिसच्या समारंभासाठी ड्रेस शिवून दिला होता. घर माणसांनी भरलेलं, जाऊ नटून बाहेर आली, आणि तोंडात टाचण्या असलेली ही बाई हौसेने सांगत सुटली होती: दोन्ही बाजूंनी दोन दोन इंच सोडलेत हं, बघा कसा बसलाय. शिवण दाखवण्याच्या नादात. सगळे हसले होते. जाऊही हसली होती. मग "येऊ, येऊ" सुरू झालं होतं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. ती जाळीची गुंडाळी काढा वरची."

आता टाचणी कामाला लागली, आणि ती कामाला लागली की बघत राहावं. पत्र्याचं दार तिने भिंतीला टेकवून ठेवलं. खेळाडूंच्या टी-शर्टला आतून लावतात ती जाळी कापली. चारी बाजूंनी बकरम घालून पट्टी कडक केली. त्या पट्टीत, तिच्या टाचण्यांच्या डबीतली लोहचुंबकं एकेक करून शिवली, म्हणजे दार पत्र्याला आपोआप चिकटेल आणि चुकार टाचणी आली तर आत न जाता काठालाच लटकेल. मधोमध चेन, साफसफाईला. आणि जिथे वायरीचं कोपर बाहेर येत होतं, तिथे दोन टक्स. ब्लाउजला घालतात तसे, नीट, वरून खाली निमुळते. दुपारच्या चहापर्यंत म्हातारा कपडे घालून तयार. दार टपकन बसलं. वायर आत सुखाने वाकलेली. नवऱ्याने चेन तीनदा वरखाली करून बघितली, चौथ्यांदा त्याच्या हातावर चापट बसली.

रविवार. पावणेचार. नणंदेने आधी सगळ्यांना फोनवर तोंडं दाखवायला लावली, हजेरी म्हणून. टाचणीने फोन फिरवला तशी सगळ्यांना टेबलावरचा म्हातारा दिसला. मग सगळे एकदम बोलले. मेहुण्यांना वाटलं, उशी आहे. जाऊ कोपऱ्यातल्या चौकटीत होती, पाठीमागे तिच्या काचेच्या मशिनचे दिवे जांभळे-हिरवे होतायत. दीर हसून हसून खुर्चीवरून घसरला.

"वहिनी, किती इंच सोडलंस गं?"

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढल्या. सगळ्या. हातात धरल्या.

"गिऱ्हाइकाचं माप मी चारचौघांत सांगत नाही. एकदा सांगितलं होतं. तेव्हा अक्कल नव्हती मला."

दिराला काही समजलं नाही. त्याला बाणाचं टोकही कुठलं ते समजत नाही. कोपऱ्यातल्या चौकटीत जाऊ मात्र एकदम खाली बघायला लागली.

शिट्टी वाजली.

नवीन भागात राक्षस दोन होते. पाचव्याच मिनिटाला एकाने मेहुण्यांना ढालीसकट उचलून फेकलं, दुसऱ्याने नणंदेला लोळवलं. तीच वेळ, तसंच रक्त. "वहिनी, धाव." टाचणी धावली. वाकली. पट्टी काढली. नवरा पाठमोरा बसून डोळे मिटून ऐकत होता. म्हाताऱ्याच्या जाळीतून गार वाऱ्याची झुळूक आली आणि पट्टी गेली गरागरा, एक वेढा, दोन वेढे, तीन. नणंद उठली. मेहुण्यांना पट्टी. दिराने स्वतःच्याच पायात बाण मारून घेतला, त्यालाही पट्टी. तासभर टाचणी नुसती पळत होती आणि तिघं नुसती तिच्या नावाने ओरडत होती. म्हातारा एकदाही अडला नाही. दुसरा राक्षस कोसळला तेव्हा नणंदेने इतकी मोठी शिट्टी मारली की तिच्या शेजारणीने भिंत ठोकली.

"वहिनी," ती धापा टाकत म्हणाली, "पुढच्या रविवारीही तूच."

हेडफोन काढून टाचणी चहाचा पहिला घोट घेतेय तोच फोन वाजला. जाऊ. टाचणीला वाटलं, जागा हुकली म्हणून रागावली असेल. तर जाऊ आधी हवापाण्याचं बोलली. मग म्हणाली की तिच्या मशिनची काच फार तापते, आत पंखे किंचाळतात, दिवे छान आहेत पण दम लागतो त्याला.

"ताई, त्याला एक शिवून द्याल? तशीच जाळी."

"देईन की. पण फोनवर माप घेत नाही मी. घेऊन यावं लागेल."

"येते शनिवारी." मग हळूच म्हणाली, "माझेही दोन ड्रेस आहेत. सोडायचेत."

टाचणीने इकडेतिकडे पाहिलं. नवरा म्हाताऱ्याच्या काठाला लटकलेल्या टाचण्या वेचत होता, कान इकडेच लावून. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि फोन ओठांशी नेला.

"आण," ती म्हणाली. "दार लावून घेऊ."